टाकी भरलेली, दिवा लागलेला
(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा माझ्या वर्गमित्रांनी पटापट विषय निवडले. कुणी संतवाङ्मय घेतले, कुणी ग्रामीण कथा, कुणी सह्याद्रीतील किल्ले. माझी मात्र पंचाईत झाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर वाई रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये काम, असा माझा दिनक्रम आहे. मी सरांना म्हणालो, "सर, मला गॅरेजखेरीज दुसरं काही येत नाही." सर म्हणाले, "मग गॅरेजचंच लिही. फक्त असं लिही, की ज्यानं जन्मात बोनेट उघडलेलं नाही त्यालाही कळलं पाहिजे." हा लेखप्रपंच त्यासाठी.

विषय वरवर पाहता अगदीच किरकोळ आहे. मोटारीच्या पुढच्या काचेवर पाणी उडवण्यासाठी एक टाकी असते. त्या टाकीतले पाणी संपत आले की चालकाला तशी सूचना देणारा बोटभर लांबीचा एक भाग काही गाड्यांत असतो. त्याला सेन्सर म्हणतात. एका जुन्या गाडीचा तो सेन्सर मी बदलला, एवढीच हकिगत. काम तासाभराचे. पण त्या तासाभराच्या कामापर्यंत यायला मला सहा महिने लागले आणि मधल्या काळात माझ्या हातून जी चूक झाली, ती एका माणसाच्या जिवावर बेतली असती. म्हणून हे लिहावेसे वाटले.

काचेवर पाणी कशाला?

मोटारीला वायपर असतो हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाईंनी 1903 साली काच पुसणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. त्या न्यूयॉर्कला गेल्या असताना बर्फ पडत होते आणि ट्रामच्या चालकाला काचेतून पुढचे काही दिसत नव्हते. ते पाहून आतून दांडा हलवला की बाहेर काचेवरून रबर फिरेल, अशी योजना त्यांनी केली. पुढे वायपर विजेवर चालू लागले.

पण नुसता वायपर पुरत नाही. कोरड्या काचेवर धूळ असताना तो फिरवला, तर धुळीतले बारीक खडे रबराखाली सापडतात आणि काचेवर कायमचे ओरखडे पडतात. काचेवर चिखल असेल, तर तो निघण्याऐवजी अंगण सारवावे तसा सगळीकडे सारवला जातो. म्हणून आधी पाणी आणि मग वायपर, असा क्रम असतो. स्टिअरिंगजवळचा दांडा आपल्याकडे ओढला की टाकीच्या तळाशी बसवलेला छोटा पंप सुरू होतो, पाणी नळीतून वर येते आणि बारीक छिद्रांतून काचेवर उडते.

पुष्कळ गाड्यांत या टाकीत साधारण तीन ते पाच लिटर पाणी मावते. बोनेट उघडल्यावर आपल्याला दिसते ते फक्त तिचे तोंड आणि त्यावरचे झाकण. टाकीचे पोट मडगार्डच्या आत दडलेले असते. त्यामुळे पाणी किती उरले हे डोळ्यांना सहसा दिसत नाही. ज्या गाड्यांत सेन्सर नसतो त्यांच्या मालकांना अधूनमधून झाकण उघडून पाण्याची भर घालण्याची सवय असते. ज्यांत सेन्सर असतो त्यांचे मालक डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर विसंबतात. काच आणि तिच्यावर उडणारे कारंजे, असे त्या दिव्याचे चित्र असते.

पावसाळ्यात आभाळातूनच पाणी पडते, मग टाकीतल्या पाण्याची गरज काय, असे मलाही पूर्वी वाटे. पण मुसळधार पाऊस काच धुऊन काढतो; खरा त्रास पाऊस थांबल्यावर असतो. रस्ता ओला असतो, त्यावर माती, डिझेलचा अंश, टायरांची काजळी यांचा राबडा झालेला असतो आणि पुढच्या ट्रकची चाके तो राबडा मागच्या गाडीच्या काचेवर सतत फेकत असतात. वरून पाऊस नाही आणि टाकीत पाणी नाही, अशा वेळी वायपर चालू केला तर पुढे एक तपकिरी पडदा तयार होतो.

मी केलेली 'दुरुस्ती'

माझ्या गावात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. बारावी झाल्यावर वडील मला कामाला लावणार होते. गुरुजी आमच्या घरी आले, ओट्यावर दीड तास बसले, आणि "पोराला निदान तीन वर्षं द्या, पुढचं तो बघेल," असे वडिलांकडून कबूल करून घेऊनच उठले. त्यांच्याकडे 2007 सालची, दुसऱ्या हाताने घेतलेली एक मोटार आहे. मार्च 2024 मध्ये ते गॅरेजवर आले आणि म्हणाले, "अरे, टाकी गळ्यापर्यंत भरलीय, तरी पाण्याचा दिवा जात नाही. बघ बरं जरा."

मिस्त्री त्या दिवशी बाहेरगावी होते. मी एकटाच होतो आणि गुरुजींचे काम आपण करायचे याचा मला फार आनंद झाला होता. मी चाक पूर्ण वळवले, मडगार्डचे आतले प्लास्टिक थोडे बाजूला केले. टाकीच्या अंगाला सेन्सर होता आणि त्याला दोन तारांचा प्लग लावलेला होता. एका वायरमनला पूर्वी एकदा मी एक युक्ती करताना पाहिले होते. मी प्लग काढला, त्याच्या दोन टोकांमध्ये तांब्याच्या तारेचा लहानसा तुकडा घालून ती एकमेकांना जोडली आणि वरून टेप गुंडाळली. चावी फिरवली. काही सेकंदांत दिवा गेला.

"झालं, गुरुजी," मी म्हणालो. त्यांनी शंभराची नोट पुढे केली, ती मी घेतली नाही. सायंकाळी घरी जाताना मी मोठ्या तोऱ्यात होतो.

ऑगस्टमध्ये गुरुजी पुण्याहून रात्री परत येत होते. शिरवळ सोडल्यावर पाऊस थांबला. खंबाटकीचा घाट चढताना पुढे एक मालाने भरलेला ट्रक होता. काच चिखलाने भरली म्हणून त्यांनी दांडा ओढला. पंपाचा नुसता आवाज आला, पाणी आले नाही. वायपर मात्र दोनदा फिरला. समोरून येणाऱ्या उजेडात सारी काच एकदम पिवळसर झाली आणि रस्त्याची कड दिसेनाशी झाली. त्यांनी बाजूच्या खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी कडेला घेतली, तेव्हा डाव्या बाजूचे पुढचे चाक गटारात उतरले होते. मागून येणाऱ्या टेम्पोने वेळेवर ब्रेक लावला म्हणून पुढचे टळले. पिण्याच्या बाटलीतले पाणी काचेवर ओतून ते कसेबसे घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर आले. रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "टाकीत थेंबभर पाणी नव्हतं. मग दिवा का लागला नाही रे?"

मला उत्तर ठाऊक होते, पण तोंडातून शब्द फुटेना. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, गाडीखाली हात घातला आणि टेप गुंडाळलेला तो प्लग ओढून माझ्या समोर धरला.

दिव्याला नेमके काय कळते?

इथे थोडे थांबून त्या सेन्सरच्या पोटात काय असते ते सांगायला हवे, म्हणजे माझी चूक कोणत्या जातीची होती ते वाचकांच्या ध्यानात येईल.

या सेन्सरमध्ये एक तरंगणारा तुकडा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. फ्लोटच्या आत छोटे लोहचुंबक बसवलेले असते. शेजारी, प्लास्टिकच्या बंद नळीत, काचेची एक बारीक कुपी असते. कुपीत लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर असतात. त्यांची टोके एकमेकांवर आलेली असतात, पण मध्ये किंचित फट असते. चुंबक जवळ आले की या पट्ट्या स्वतःच तात्पुरत्या चुंबक बनतात, एकमेकींना ओढतात आणि चिकटतात. वीज वाहू लागते. चुंबक दूर गेले की पट्ट्या आपल्या ताठपणाने पुन्हा अलग होतात, वीज थांबते. या साधनाला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी 1936 साली ते शोधून काढले.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना मी हे समजावून सांगत होतो तेव्हा 'रीड' शब्द ऐकून ते म्हणाले, "म्हंजे आपल्या पेटीतल्या पितळी पट्टीसारखं?" शब्द तोच आणि कल्पनाही जवळची. पेटीतली पट्टी वाऱ्याने हलते, ही चुंबकाने.

आता टाकी भरलेली असली की फ्लोट वर तरंगतो, चुंबक काचेच्या कुपीजवळ येते, पट्ट्या चिकटतात आणि विजेचा मार्ग पुरा होतो. पाणी खाली गेले की फ्लोट उतरतो, पट्ट्या सुटतात, मार्ग तुटतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. गुरुजींच्या गाडीत ही अशी व्यवस्था होती. तिच्यात एक शहाणपण आहे. तार तुटली, प्लग निघाला किंवा सेन्सर मेला, तरी मार्ग तुटलेलाच राहणार आणि दिवा लागणारच. म्हणजे व्यवस्थेत कुठेही बिघाड झाला तरी ती गप्प न बसता ओरडते. काही गाड्यांत मात्र नेमके उलट असते. तिथे पाणी कमी झाले की मार्ग जुळतो. आणखी काही गाड्यांत फ्लोट नसतोच, धातूची दोन टोके पाण्यात बुडालेली असतात आणि पाण्यातूनच वीज वाहते. म्हणून हाती असलेली गाडी कोणत्या जातीची, हे आधी पाहावे लागते.

भाषाविज्ञानाच्या तासाला आमच्या सरांनी शिकवले होते, की चिन्ह आणि त्याचा अर्थ यांची सांगड आपण घातलेली असते. ते मला तेव्हा परीक्षेपुरतेच कळले होते. गॅरेजमध्ये ते नीट कळले. डॅशबोर्डवरचा तो दिवा आपण 'पाणी संपले' असा वाचतो. पण दिव्याला पाणी ठाऊकच नसते. त्याला फक्त एवढेच कळते, की दोन तारांमधला मार्ग जुळलेला आहे की तुटलेला. मी तारेच्या तुकड्याने तो मार्ग कायमचा जुळवून टाकला. तेव्हापासून टाकी भरलेली असो वा रिकामी, गाडी आपल्या मालकाला 'सारे ठीक आहे' असेच सांगत राहिली. आणि गुरुजी तिच्यावर विश्वास ठेवून होते, कारण मी त्यांना 'झालं' म्हटले होते.

दुखणे कुठे आहे?

मी मिस्त्रींना म्हणालो, "नवा सेन्सर मागवू, माझ्या पगारातनं पैसे कापा." ते म्हणाले, "आरं, आधी बघ तरी कुठं दुखतंय. पोट दुखतंय आन् दात काढतोस व्हय?"

मग त्यांनी मला एकेक पायरी करायला लावली. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती क्रमाने देतो.

प्रथम माझा तारेचा तुकडा काढला, टाकी भरली, प्लग जागेवर बसवला आणि चावी फिरवली. दिवा लागला, म्हणजे मूळ दुखणे तसेच होते. मग प्लग काढून, तारांच्या बाजूची दोन टोके क्षणभर एकमेकांना जोडून पाहिली. काही सेकंदांनी दिवा गेला. हा थोडा वेळ गाडी मुद्दाम घेते. वळणावर वा खड्ड्यात पाणी हिंदकळते तेव्हा दिवा उगाच लुकलुकू नये म्हणून ती योजना असते. दिवा गेला याचा अर्थ तारा, प्लग आणि डॅशबोर्ड ठीक आहेत. दोष सेन्सरकडे आहे.

त्या क्षणी माझ्या ध्यानात आले, की मार्चमध्ये मी केले ते हेच होते. ती एक उत्तम चाचणी होती. तिने मला दोष कुठे आहे हे दाखवूनही दिले होते. मी मात्र चाचणीलाच दुरुस्ती समजलो आणि तार तशीच ठेवून टेप गुंडाळली.

इथे एक सावधगिरीची सूचना. टाकीला सहसा दोन प्लग असतात, एक सेन्सरचा आणि दुसरा पंपाचा. पंपाच्या प्लगची टोके कधीही अशी जोडू नयेत. दांडा ओढल्यावर तिथे पंप चालवणारी वीज येते, आणि टोके जोडलेली असली तर फ्यूज उडतो. पंपाचा प्लग ओळखणे सोपे आहे. ज्याच्यातून पाण्याची नळी निघते तो पंप.

यानंतर सेन्सरची पाळी. प्लगच्या आतल्या पिना पाहिल्या. त्यांच्यावर हिरवट कीट चढले होते. ते बारीक ब्रशने साफ केले, कारण पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही. मग मल्टिमीटर सेन्सरच्या दोन पिनांना लावला. टाकी भरलेली असताना त्याने पिपाणी वाजवायला हवी होती. तो गप्प राहिला.

आता सेन्सर बाहेर काढायचा. तो पाण्याच्या पातळीखाली असतो, म्हणून आधी टाकी रिकामी करावी. नाही तर सारे पाणी अस्तनीतून काखेपर्यंत जाते. मी बारीक नळीने पाणी उपसले. चावी काढून घेतली. सेन्सर टाकीच्या भोकात एका रबरी कड्यात घट्ट बसवलेला असतो. या कड्याला ग्रोमेट म्हणतात. सेन्सर हाताने थोडा उलटसुलट फिरवत सरळ बाहेर ओढायचा असतो. मी सवयीने डिसमिस उचलला, तेव्हा मिस्त्रींनी माझा हात धरला. सतरा वर्षांचे प्लास्टिक उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ झालेले असते. तरफ लावली तर सेन्सरऐवजी टाकीच तडकते, आणि काही शे रुपयांचे काम काही हजारांवर जाते.

सेन्सर बाहेर आला. त्याचा फ्लोट पांढऱ्या थराने जागच्या जागी चिकटून बसला होता. हा थर कशाचा ते मी लगेच ओळखले, कारण आमच्या गॅरेजच्या नळाच्या तोटीवरही तोच असतो. आम्ही सगळ्या गाड्यांच्या टाकीत बोअरचे पाणी भरतो. त्यातले क्षार वर्षानुवर्षे साठत जातात. म्हणजे या दुखण्यात आमच्या गॅरेजचाही थोडा हात होता.

सेन्सर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. सकाळी थर सुटला आणि फ्लोट मोकळा हलू लागला. मला वाटले, सुटलो. पण मल्टिमीटर लावून फ्लोट वर केला तरी आवाज नाही. मिस्त्रींनी जुन्या स्पीकरचे एक चुंबक आणून सेन्सरच्या नळीला सगळीकडून टेकवून पाहिले. तरीही नाही. आत काचेच्या कुपीतल्या पट्ट्याच निकामी झाल्या होत्या. नुसता फ्लोट अडकला असता तर धुऊन भागले असते. आता बदलण्यावाचून उपाय नव्हता. पुढे कुतूहल म्हणून मी तो जुना सेन्सर करवतीने कापून पाहिला. कुपीच्या एका टोकाला केसाएवढी चीर होती आणि आतल्या पट्टीवर तांबूस गंज चढला होता.

नवा सेन्सर

पुण्याहून सेन्सर यायला आठ दिवस लागले. त्याला नऊशे रुपये पडले. गुरुजींनी ते दिले. "चूक तुझी, पण सेन्सर माझा," असे ते म्हणाले. मजुरीचे नाव मी काढू दिले नाही.

नवा भाग बसवण्याआधी तो टेबलावर तपासावा, हे मी शिकलो. जुन्यावरचा क्रमांक आणि नव्यावरचा क्रमांक जुळवला. नुसता आकार सारखा असून चालत नाही. वर सांगितल्याप्रमाणे काही सेन्सर उलट पद्धतीने काम करतात. तसा चुकून बसवला तर टाकी भरल्यावर दिवा लागेल आणि रिकामी झाल्यावर जाईल. आम्ही मल्टिमीटर लावला. फ्लोट वर, आवाज आला. फ्लोट खाली, आवाज थांबला. ठीक.

ग्रोमेटही नवाच घेतला, कारण जुना कडक झाला होता आणि तिथून पाणी झिरपले असते. तो आत सरकवण्यासाठी मी ग्रीसचा डबा उचलला, तर मिस्त्री म्हणाले, "पानी लाव नुस्तं." खनिज तेलाने अनेक जातींचे रबर फुगते आणि सैल पडते. साबणाच्या पाण्याचा हात लावला तरी ग्रोमेट सुरेख बसतो. आधी ग्रोमेट टाकीत, मग सेन्सर ग्रोमेटमध्ये, असा क्रम. सेन्सरचे तोंड कोणत्या बाजूला असावे याची खूण त्याच्यावर असते. ती पाळावी लागते, कारण सेन्सर आडवा बसतो आणि तो उलटा फिरवला गेला तर फ्लोटला वर जायला वावच राहत नाही.

त्याआधी टाकीच्या तळाचा गाळही स्वच्छ पाण्याने दोन वेळा खळबळून काढला. पुन्हा भरताना बोअरचे पाणी घेतले नाही. गाळलेले, कमी क्षाराचे पाणी घेतले आणि त्यात काच धुण्याचे औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळले. पुष्कळ लोक भांडी घासायचा साबण घालतात. त्याने फेस होतो आणि काचेवर रात्री चमकणारा एक पातळ पापुद्रा राहतो, म्हणून तो टाळावा.

टाकी भरली. खाली हात लावून गळती नाही याची खात्री केली. चावी फिरवली. दिवा लागला नाही. मी प्लास्टिकचे आवरण बसवायला घेतले, तोच मिस्त्री म्हणाले, "थांब. तवा बी दिवा गेलाच हुता की!"

ते खरे होते. मार्चमध्येही दिवा गेलाच होता. भरलेल्या टाकीवर दिवा विझलेला दिसणे ही अर्धीच परीक्षा आहे. मी पुन्हा नळी घातली आणि भरलेली टाकी उपसू लागलो. पाणी बादलीत पडत होते. बराच वेळ काही झाले नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. मग अंदाजे लिटरभर पाणी उरले असताना तो पिवळा दिवा लागला. काच आणि कारंजे. त्या दिव्याकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग टाकी परत भरली, दिवा गेला, आणि त्यानंतरच आम्ही शेवटचा स्क्रू आवळला.

उपसंहार

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात कधी असा सेन्सर बदलावा लागणार नाही. तरीही एवढे सविस्तर लिहिले, कारण मला वाटते की सूचना देणारा दिवा नकोसा वाटणे ही फक्त गॅरेजमधली गोष्ट नाही. आमच्याच घरात आईला दोन वर्षे चक्कर येत होती आणि प्रत्येक वेळी दुकानातून एक गोळी आणून आम्ही ती थांबवत होतो. या प्रसंगानंतर मी तिला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त फारच कमी निघाले. आता तिचे औषध चालू आहे. त्या दोन वर्षांत आम्हीही टेपच गुंडाळत होतो, असे मला आता वाटते.

कलाशाखेत शिकून गॅरेजमध्ये काय उपयोग, असे पुष्कळ लोक मला विचारतात. गॅरेजमध्ये काम करून कलाशाखेत काय उपयोग, असे अजून कुणी विचारले नाही. कुणी विचारलेच तर मी त्याला या सेन्सरची गोष्ट सांगेन.

जानेवारी 2025 मध्ये एका संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"अरे, पाण्याचा दिवा लागलाय," ते म्हणाले.

"गुरुजी, टाकी बघितली का?"

"बघितली ना. पाणी खरंच तळाला गेलं होतं."